आखाडातल्या वाऱ्यात खिद्रापूर: एका दिवसाच्या फेरीची पूर्ण तयारी

जून सरत आला की कोल्हापुरात वारा सुटतो आणि श्रावण अर्धा होईपर्यंत तो काही पाठ सोडत नाही. या दिवसांत गाड्या वळतात त्या पश्चिमेला. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा, म्हणजे धुकं, कोसळता पाऊस आणि रविवारची गर्दी. आम्ही सांगतोय ते नेमकं उलट्या दिशेला. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे. शिलाहार राजांच्या काळात, १२ व्या शतकात उभं राहिलेलं हे काळ्या पाषाणातलं काम कोल्हापूरपासून साधारण ६० किलोमीटरवर आहे. बहुतेक लोक तिथं दिवाळीनंतर, थंडीत जातात. आमच्या मते ते पाहायचे खरे दिवस आखाडातले, भर वाऱ्याचे. त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं, तिथं कडा नाही, दरी नाही. वारा कितीही असला तरी पाय सपाट जमिनीवर. दुसरं, सह्याद्रीपासून जसजसं पूर्वेला जावं तसतसा पाऊस कमी होतो. कोल्हापुरात संततधार असताना शिरोळकडं बऱ्याचदा नुसता वारा आणि अधूनमधून एखादी सर असते. तिसरं कारण सूर्याचं आहे, आणि तेच सगळ्यांत मोठं. ते पुढं नीट सांगतो, कारण घरातून किती वाजता निघायचं ते त्यावरच ठरतं.

आधी नदी बघा, मग आभाळ

इथं फसगत होते ती पावसानं नाही, पुरानं. खिद्रापूर कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या खालच्या अंगाला आहे. म्हणजे कोयनेकडून येणारं पाणी आणि राधानगरीकडून येणारं पाणी, दोन्हीचा भार तिथं एकत्र येतो. शिरोळात ऊन पडलेलं असतं आणि तरी रस्त्यावर पाणी चढत असतं, ते यामुळं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या तालुक्याचं काय झालं ते जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी, असं दोनदा दोन आकडे बघायचे. एक, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. दुसरा, सांगलीच्या आयर्विन पुलाचा. तिथं इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ फुटांवर. पावसाळ्यात हे आकडे पेपरात, बातम्यांत रोज येतात. नुसता आकडा बघून भागत नाही, तो चढतोय की उतरतोय ते बघा. राजारामला ३० फूट असून पाणी उतरत असेल तर जाता येतं. पण २८ फूट असून तासातासाला चढत असेल आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी असेल, तर त्या दिवशी बेत रद्द. सकाळी जाताना कोरडा असलेला रस्ता दुपारी परतताना पाण्याखाली गेलेला असू शकतो, आणि अडकून पडायची भीती ती हीच.

तिसरी खूण आकड्यांची नाही, पण तितकीच भरवशाची आहे. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरलं, दक्षिणद्वार सोहळ्याच्या (पुराचं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं त्याच्या) बातम्या यायला लागल्या, की खिद्रापूरचा विचार सोडायचा. वाडीला पाणी चढलेलं असताना पुढचे ओढे तुंबणार हे धरूनच चालायचं. पूर ओसरल्यावरही दोन-चार दिवस जाऊ द्या. रस्त्यावरचा गाळ वाळेपर्यंत दुचाकी त्यावर साबणासारखी घसरते. आणि रस्त्यावरून वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, मग ते घोट्याएवढं का असेना. खालचा डांबरी रस्ता शाबूत आहे की वाहून गेलाय ते वरून दिसत नाही.

वारा किती चालेल

मोबाइलवर हवामान बघताना नुसता सरासरी वेग बघू नका, झोतांचा वेग बघा. सरासरी २० असली तरी झोत ४५ चे असू शकतात, आणि गाडी हलवतात ते झोतच. आकडा मिळाला नाही तर झाडं बघा. मोठ्या फांद्या हलतायत आणि छत्री हातात धरवत नाही, तर वारा ताशी ४० ते ५० किलोमीटरचा आहे. दुचाकी चालवायला हाताशी सराव हवा, मागं लहान मूल नको. अख्खी झाडं डोलतायत आणि वाऱ्याच्या तोंडावर चालायला जोर लावावा लागतोय, तर तो ५० च्या पुढं गेला. त्या दिवशी चारचाकी किंवा एसटी.

आणखी एक हिशोब डोक्यात ठेवा. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि आपण पूर्वेला चाललेलो असतो. जाताना तो पाठीवर असतो, त्यामुळं जाणवतच नाही, गाडी आपोआप पळते. येताना तोच वारा छातीवर. त्यात जमीन तापत जाते तसा वारा वाढतो, म्हणजे दुपारी १ ते ४ ला सगळ्यांत जास्त. सकाळचा प्रवास बघून परतीचा अंदाज बांधला की तो हमखास चुकतो. परतीला पाऊण तास जास्त धरा, पेट्रोलही जास्त धरा.

रस्ता

कोल्हापुरातून सांगली रस्त्यानं शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर. तिथून दक्षिणेला वळून शिरोळ, मग नृसिंहवाडी, पंचगंगेवरचा पूल ओलांडून कुरुंदवाड आणि पुढं आकिवाटच्या रोखानं खिद्रापूर. इचलकरंजीवरूनही कुरुंदवाड गाठता येतं. शहरातली गर्दी टाळायची असेल तर पहिला रस्ता बरा.

जयसिंगपूर ते वाडी या टप्प्यात वारा उजव्या हाताला येतो. दोन्ही बाजूंना ऊस असतो तोवर काही वाटत नाही. पण उसाचा फड संपून मोकळं रान लागलं की एकदम धक्का बसतो आणि गाडी डावीकडं सरकते. पुलावरही तेच. समोरून ट्रक आला की क्षणभर वारा अडतो आणि ट्रक गेला की दुप्पट जोरानं आदळतो. उपाय साधा आहे: वेग ४० च्या आसपास, दोन्ही गुडघे टाकीला घट्ट, हात सैल. मुठी आवळल्या की प्रत्येक झोताला हँडल हलतं. कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न चालवता आपल्या लेनच्या मधून चालवा, म्हणजे सरकायला जागा राहते. ओढणी, पदर, उपरणं, रेनकोटचं सुटं टोक, सगळं बांधून अंगाखाली दाबलेलं हवं. चाकात कापड जाऊन होणारे अपघात वाऱ्याच्या दिवसांत वाढतात.

पेट्रोल आणि हवा कुरुंदवाडातच बघून घ्या. एसटीनं जायचं तर कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून कुरुंदवाड आणि तिथून खिद्रापूरची गाडी. पुढच्या टप्प्याला गाड्या कमी असतात. उतरतानाच कंडक्टरला परतीच्या दोन्ही वेळा विचारून घ्या, एक चुकली तर दुसरी कधी ते कळायला हवं.

बरोबर काय घ्यायचं

छत्री नको. वाऱ्यात ती उलटी होते आणि काड्या शेजारच्याच्या डोळ्याला लागतात. अंगभर एकसंध पोंचोही नको, त्यात वारा भरतो. जर्किन आणि पँट अशा दोन भागांचा, मनगटाला इलॅस्टिक असलेला रेनकोट चांगला. टोपी असेल तर हनुवटीखाली बांधता येणारी. पायात पट्ट्यांच्या सँडल, कारण मंदिरात चप्पल काढावीच लागते आणि ओले मोजे-बूट दोन-तीनदा काढणं-घालणं नकोसं होतं. एक कोरडा पंचा, सुती कापडाचा एक तुकडा वरच्या आतल्या खिशात, आणि एक चांगली बॅटरी. मोबाइलच्या उजेडावर भागवू नका. आतला मंडप ढगाळ दिवशी फार अंधारा असतो आणि मोबाइलचा उजेड पसरट पडतो.

खाणं घरून न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही घट्ट झाकणाच्या डब्यात. भडंग नेलं तर पिशवीतून थेट तोंडात, कागदावर ओतलं की अर्धं वाऱ्यावर जातं. खायचं ते मंदिराच्या आवाराबाहेर, आणि कागद-पिशव्या वाऱ्यानं उडून आत जाणार नाहीत अशा बांधून.

गाडी लावताना

काळ्या मातीत साइड स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते. मेन स्टँड लावा. तो नसेल तर साइड स्टँडखाली चपटा दगड घाला, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि तोंड दक्षिणेला करा. म्हणजे पश्चिमेचा वारा गाडीच्या उजव्या अंगावर येतो आणि तिला स्टँडवर दाबून धरतो. उत्तरेला तोंड केलं तर तोच वारा डावीकडून उचलून तिला उजवीकडं पाडतो. जुन्या झाडाखाली किंवा तारांखाली गाडी लावू नका.

आता वेळेचं गणित

हे समजून घेतलं तर फेरीचं सोनं होतं. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर आपल्या उत्तरेकडून जातो. मंदिर पूर्वाभिमुख आहे, म्हणजे त्याच्या लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला. एरवी वर्षभर दक्षिणेची भिंत उन्हात असते आणि उत्तरेची सावलीत. या तीन महिन्यांत ते उलटं होतं. उत्तरेच्या भिंतीवरच्या मूर्तींवर ऊन येतं, आणि दुपारी ते जवळजवळ डोक्यावरून, भिंतीला घासून खाली उतरतं. दगडातला उठाव दिसायला असा तिरका उजेडच लागतो. दागिन्याचा एकेक मणी, बोटांची पेरं, वस्त्राची चूण वेगळी दिसते. समोरून पडलेल्या उजेडात तीच मूर्ती सपाट वाटते.

पण आखाडात ऊन मिळणार कसं? इथंच वारा कामाला येतो. वारा नसेल तर ढगांचं झाकण दिवसभर हलत नाही. वाऱ्याच्या दिवशी ढग पळत असतात आणि मधूनमधून काही मिनिटांची उघडीप मिळते. त्या उघडिपीत आपण योग्य जागी उभं असायला हवं.

सूर्य माथ्यावर येण्याची वेळ खिद्रापूरला जुलैत आणि ऑगस्टच्या सुरुवातीला साधारण १२ वाजून ३५ ते ४० मिनिटं आहे, बारा नव्हे. म्हणून साडेसात-पावणेआठला कोल्हापूर सोडा, दहाच्या सुमारास पोचा, आणि साडेबारापर्यंत बाहेरचं सगळं बघून स्वर्गमंडपात, म्हणजे छत मधोमध उघडं असलेल्या मंडपात या.

मंदिर कुठून बघायला सुरुवात करायची

पावसाची सर नसेल तर आधी बाहेरची प्रदक्षिणा. सर आली की आत, थांबली की पुन्हा बाहेर. क्रम मोडला तरी चालेल. सरीत भिजत मूर्ती बघायला गेलं की नजर खालीच राहते.

बाहेरून चालताना पहिली नजर तळाशी टाका. सगळ्या मंदिराचा भार पाठीवर घेतल्यासारखी हत्तींची रांग आहे, तो गजपट्ट. ९२ हत्ती सांगतात. पुष्कळांच्या सोंडा तुटल्या आहेत, तरी ज्यांच्या शाबूत आहेत त्यांच्यासमोर खाली बसून, डोळे हत्तीच्या डोळ्यांच्या पातळीला आणून बघा. झुलीची नक्षी, गळ्यातल्या घंटा, पाठीवर बसलेल्या मूर्ती, सगळं त्या उंचीवरून उलगडतं. उभ्यानं बघणाऱ्याला फक्त पाठी दिसतात. मग नजर हळूहळू वर न्या. बाहेरची भिंत सरळ नाही, चांदणीच्या कोनांसारखी आत-बाहेर वळत जाते. त्यामुळं वारा एका कोनाड्यात घोंघावतो आणि पुढच्याच खाचेत अगदी शांत असतो. फोटो काढायला, वही उघडायला अशी शांत खाच शोधा. पश्चिमेच्या वाऱ्यात सगळ्यांत जास्त आडोसा पूर्वेकडं, दाराच्या बाजूला मिळतो, कारण मंदिराचा सगळा पसारा वारा अडवून धरतो.

दक्षिणेच्या दाराजवळ देवनागरी लिपीतला संस्कृत शिलालेख आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणानं दिलेल्या दानाचा, शके ११३६ म्हणजे इ. स. १२१३-१४ मधला. मंदिर शिलाहारांचं असून लेख यादवांचा कसा, असं वाटेल. सिंघणानं शिलाहारांचं राज्य जिंकून घेतलं होतं, आणि नव्या राजानंही या देवाची व्यवस्था पुढं चालवली, याची ही दगडावरची नोंद आहे. आवारात कन्नड लेखही आहेत. लेख वाचायचा तर बॅटरी अक्षरांच्या समोर धरू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून एका बाजूनं उजेड सोडा, अक्षरांच्या खाचा काळ्या होऊन उठतात. खडू, पीठ, तेल, पाणी काहीही लावायचं नाही. एकदा दगडाच्या छिद्रात बसलेलं तेल निघत नाही आणि त्यावर धूळ धरते.

स्वर्गमंडप

साडेबाराला इथं. ४८ खांबांचा खुला मंडप, आणि मधोमध छताला साधारण १३ फूट व्यासाचं गोल उघडं आभाळ. खाली त्याच मापाची अखंड गोल शिळा. होमाचा धूर वर जावा म्हणून ही मोकळीक ठेवली, असं सांगितलं जातं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य बरोबर माथ्यावर असतो, त्यामुळं उजेडाचं वर्तुळ त्या शिळेवर नेमकं बसतं. जुलैत ते थोडंसं दक्षिणेला सरकलेलं असतं. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्रासाठी इथं मोठी गर्दी होते, पण सूर्याचा हा मेळ बघायला फारसं कुणी येत नाही.

छत उघडं असल्यानं पावसात शिळा भिजलेलीच असते. ओला गुळगुळीत बेसाल्ट आणि अनवाणी पाय ही घसरायची जोडी आहे. टाच आधी न टेकवता पूर्ण पाऊल सपाट टाका, आणि हिरवट-करडा डाग दिसला की तो शेवाळ समजून बाजूनं जा. शिळेच्या मधोमध उभं राहून मान वर करायच्या आधी दोन्ही पाय रोवून घ्या, कारण वर बघताना तोल जातो. वारा असताना झोताबरोबर पावसाचे तुषार एकाच बाजूच्या खांबांवर पडतात. कोरडी बाजू कोणती ते जमिनीवरच दिसतं, तिकडं सामान ठेवा.

छताच्या त्या गोलाच्या कडेला आपापल्या वाहनांसह दिक्पाल कोरलेले आहेत. मोबाइलवर त्यांचा फोटो काढताना एकच चूक सगळे करतात: कॅमेरा उजळ आभाळ पकडतो आणि मूर्ती काळ्या पडतात. पडद्यावर आभाळाला नाही, मूर्तीला बोट लावा. आभाळ पांढरं फट्ट होईल, होऊ द्या. भिंग वर करण्याआधी सुती कापडानं पुसा, एक थेंब अख्खा फोटो धूसर करतो. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक असल्यानं ट्रायपॉडला परवानगी लागते, तेव्हा खांबाला हलकं टेकून, श्वास रोखून काढा.

मग आतला सभामंडप. पायरीशी एक मिनिट थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. एकाच खांबात चौकोन, अष्टकोन, गोल असे आकार पाळीपाळीनं येतात आणि गोल भागाला अशी झिलई आहे की बॅटरीचा उजेड त्यात परत दिसतो. खांबांवरच्या बारीक चौकटींत रामायण-महाभारतातले आणि पंचतंत्रातले प्रसंग आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांना गोष्टी शोधायला लावा, अर्धा तास कसा जातो कळत नाही. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर, म्हणजे शंकर आणि विष्णू, दोन्ही लिंगरूपात. समोर नंदी नाही. सतीबरोबर तो दक्षाच्या यज्ञाला गेला अशी कथा आहे, आणि नंदीचं स्थान कृष्णेपलीकडं कर्नाटकातल्या येडूरला मानतात.

या सगळ्याला तीन तास धरा. वेळ उरला तर गावातलं जुनं जैन मंदिर जवळच आहे, अर्धा तास त्याला द्या. तिथंही दगडाचं काम पाहण्यासारखं आहे.

परत येताना

दीड-दोनला निघालात तर वारा ऐन जोरात आणि तोही तोंडावर. दुचाकीवाल्यांनी घाई करू नये. नदीचं पाणी चढत नसेल तर नृसिंहवाडीत थांबा, दर्शन घ्या, बासुंदी खा, घरी कवठाची बर्फी घ्या. पाचच्या सुमारास वारा थोडा उतरतो. तेव्हा वाडी सोडली तर अंधाराआधी कोल्हापूर गाठता येतं. पाणी चढत असल्याची कुणकुण लागली तर मात्र वाऱ्याचा विचार न करता कुरुंदवाडचा पूल लगेच ओलांडून जयसिंगपूर गाठायचं आणि विश्रांती तिथं घ्यायची.

घरी पोचल्यावर ओला रेनकोट उलटा करून सावलीत टांगा, बॅटरीतले सेल काढून ठेवा, आणि गाडीची साखळी त्याच रात्री पुसून तिला तेल द्या. पावसात साखळीवरचं वंगण धुऊन जातं आणि सकाळपर्यंत गंज धरायला लागतो.